काम कायमचे, कामगार मुदतीचा

जपानमध्ये एका मालवाहतूक कंपनीतला कंत्राटी ट्रकचालक न्यायालयात गेला. त्याची तक्रार साधी होती. शेजारच्या ट्रकवर बसणारा नियमित चालक जे काम करतो तेच मी करतो, मग त्याच्या पगारात जे भत्ते आहेत ते माझ्या पगारात का नाहीत? विनाअपघात गाडी चालवल्याबद्दल महिन्याला १०,००० येन, कामाच्या स्वरूपाबद्दल १०,००० येन, पूर्ण हजेरीबद्दल १०,००० येन, जेवणाचे ३,५०० येन, घरासाठी २०,००० येन. यातला एकही भत्ता कंत्राटी चालकाला नव्हता. जवळ राहणाऱ्या नियमित चालकाला येण्याजाण्याचे ५,००० येन मिळायचे, याला ३,०००.

१ जून २०१८ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने या यादीतला एकेक भत्ता तपासला आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला: हा पैसा नेमका कशासाठी दिला जातो? विनाअपघात भत्ता सुरक्षित गाडी चालवली जावी म्हणून आहे. मग कंत्राटी चालकाने सुरक्षित चालवावी याची कंपनीला कमी गरज आहे का? जेवणाचा भत्ता कामाच्या वेळात जेवावे लागते म्हणून आहे, आणि जेवावे दोघांनाही लागते. घरभत्त्याच्या बाबतीत मात्र न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. नियमित चालकाची देशात कुठेही बदली होऊ शकत होती, कंत्राटी चालकाची होत नव्हती. त्यामुळे घराच्या खर्चाचा फरक कामातल्या खऱ्या फरकाशी जोडलेला होता. बाकीचे फरक अवाजवी ठरले.

या निकालाने त्या चालकाला कायम केले नाही, तसे तो करणारही नव्हता. तरीही हंगामी आणि कंत्राटी कामगारांबद्दलच्या आपल्या वादाला यातून एक नीट पद्धत मिळते. आपल्याकडे हा वाद बहुधा एकाच मागणीपाशी अडून बसतो. कामगार म्हणतात, आम्हाला कायम करा. समोरून उत्तर येते, मंजूर पदे नाहीत, भरतीचे नियम आहेत, मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येणार नाही. मोर्चे निघतात, समित्या बसतात, मुदतवाढीची पत्रे निघतात आणि रोजची विषमता जिथल्या तिथे राहते. माझे म्हणणे असे की कायम होणे आणि समान वागणूक मिळणे हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिल्याला पद लागते, प्रक्रिया लागते, वेळ लागतो. दुसरा हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून देता येतो. आणि तो खरोखर दिला, तर पहिल्या प्रश्नाची गाठही बरीच सुटते, कारण हंगामी माणूस स्वस्त पडतो हेच काम हंगामी ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

पण यालाच भेदभाव म्हणायचे का? कायद्याच्या जुन्या चौकटीत हा प्रश्न अवघड होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार रोजगारातल्या भेदभावाचे आधार सांगतो: वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ, सामाजिक मूळ. भारताने तो १९६० मध्येच स्वीकारला. या यादीत नोकरीचा प्रकार नाही. त्यामुळे मालकांची बाजू सहज उभी राहते. हा माणूस अमुक जातीचा किंवा ही बाई आहे म्हणून आम्ही कमी पगार देत नाही, त्याचा करार वेगळा आहे म्हणून देतो. करारावर त्याने स्वतः सही केली आहे.

सहीचा हा युक्तिवाद ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, पण त्यात सही करणाऱ्याची परिस्थिती कुठेच नसते. पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी याचे स्पष्ट उत्तर दिले. कमी पगारावर कोणी आपखुशीने राबत नाही; घरच्यांच्या पोटासाठी, स्वाभिमान बाजूला ठेवून माणूस ते स्वीकारतो, असे न्यायालयाने म्हटले आणि समान काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीतले किमान वेतन देण्याचा आदेश दिला. हा निकाल मोठा आहे. तरी त्यातला ‘किमान’ हा शब्द नजरेआड करता येत नाही. श्रेणीतले किमान वेतन म्हणजे पंधरा वर्षे काम केलेला हंगामी माणूस आणि काल रुजू झालेला नियमित माणूस एका पायरीवर. वार्षिक वेतनवाढ नाही, अनुभवाला मोल नाही.

याच मुद्द्यावर युरोपीय संघाचे न्यायालय पुढे गेलेले दिसते. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात मुदतबंद कामगारांबाबत थेट तत्त्व आहे: केवळ करार मुदतीचा आहे म्हणून तुलनायोग्य कायम कामगारापेक्षा वाईट वागणूक देता येणार नाही, फरक ठेवायचा असेल तर वस्तुनिष्ठ कारण दाखवावे लागेल. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या सार्वजनिक आरोग्यसेवेत बारा वर्षांहून अधिक काळ हंगामी म्हणून काम केलेली एक कर्मचारी पुढे कायम झाली आणि तिने आधीच्या वर्षांचा सेवाकाल भत्ता मागितला. ती वर्षे हंगामी होती, असे उत्तर मिळाले. २००७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितले की सेवाकाल भत्ता ही रोजगाराची अट आहे, आणि तो हंगामी कर्मचाऱ्याला नाकारायचा तर त्याच्या कामाच्या स्वरूपातून येणारे ठोस कारण हवे. कायद्यात किंवा सामूहिक करारात तशी तरतूद आहे एवढे पुरेसे नाही. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नियम आहे म्हणून फरक आहे, हे उत्तरच होत नाही. तो नियम का आहे, हे सांगावे लागते. आणि ते मालकाने सांगायचे आहे.

प्रत्येक फरक हा भेदभाव असतो असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर खऱ्या तक्रारींचे वजन कमी होते. एखादे काम खरोखर मुदतीचे असते: जनगणनेचे, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या जागेवरचे, सहा महिन्यांच्या प्रकल्पाचे. ते संपल्यावर माणसाचा करार संपला तर त्यात अन्याय नाही. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयीन कार्यालयात एका कर्मचारी स्त्रीला अकरा वर्षांत तेरा करार मिळाले, बहुतेक बालसंगोपनाच्या आणि इतर रजांवर गेलेल्यांच्या जागी. आकडा ऐकूनच चीड येते. पण २०१२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने म्हटले की बदली माणसाची गरज वारंवार येते एवढ्यावरून गैरवापर सिद्ध होत नाही. मात्र करारांची संख्या आणि एकूण काळ तपासताना लक्षात घ्यावाच लागेल. मोठ्या कार्यालयात कोणी ना कोणी रजेवर असतेच. तेव्हा रजेच्या जागांसाठी म्हणूनच चार माणसे कायम का घेऊ नयेत, हा माझा प्रश्न उरतोच. तरी न्यायालयाची सावधगिरी मी समजू शकतो.

जपानचाच दुसरा निकाल मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगणे गरजेचे आहे. टोकियोच्या भुयारी रेल्वे स्थानकांवरच्या दुकानांत विक्रीचे काम करणाऱ्या कंत्राटी स्त्रियांनी सुमारे दहा वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर नियमित कर्मचाऱ्यांना एकरकमी रक्कम मिळते, यांना काही नाही. उच्च न्यायालयाने निदान चौथा हिस्सा तरी द्या असे सांगितले होते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तोही काढून घेतला. नियमित कर्मचारी इतर दुकानांत गैरहजर सहकाऱ्याच्या जागी काम करायला जातात, अडचणी सोडवतात, त्यांची बदली होऊ शकते, हा फरक पुरेसा मानला गेला. एका न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवले. आता तुलना करा. ३,५०० येनांचा जेवण भत्ता नाकारणे अवाजवी, आणि दहा वर्षांच्या सेवेची संपूर्ण निवृत्ती रक्कम नाकारणे वाजवी. लहान रकमांना कडक कसोटी आणि मोठ्या रकमांना सैल कसोटी, असे इथे घडले. निवृत्तीची रक्कम दीर्घ सेवेची दखल म्हणून असेल, तर दहा वर्षे ही दीर्घ सेवा झाली. कामात थोडा फरक असेल तर रकमेत थोडा फरक ठेवा. थोड्या फरकासाठी शून्य हे प्रमाण कुठल्याही हिशेबात बसत नाही.

आता भेदभावाच्या जास्त अंधाऱ्या बाजूकडे वळू. अनेकदा हंगामी हा शिक्का दुसरा कुठला तरी निषिद्ध आधार झाकून ठेवतो. जर्मनीतल्या एका मोठ्या दुकान साखळीत अर्धवेळ कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन नव्हते; वीस वर्षांच्या काळात किमान पंधरा वर्षे पूर्णवेळ केली असतील तरच मिळे. नियमात स्त्री किंवा पुरुष असा शब्द नव्हता. पण अर्धवेळ काम करणाऱ्यांत बायकाच फार अधिक. १९८६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने याला अप्रत्यक्ष लिंगभेद म्हटले, जोवर मालक खरी गरज दाखवत नाही आणि ती भागवायला हाच मार्ग आवश्यक होता हे सिद्ध करत नाही तोवर. ही कसोटी आपल्या कंत्राटी कामगारांना लावून पाहा. भारतात सफाईचे काम करणाऱ्यांत दलित समाजातली माणसे बहुसंख्य आहेत, आणि हेच काम कंत्राटावर देण्यात सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक गेले आहे. थेट भरतीत लागू असणारे आरक्षण एजन्सीमार्फत भरल्या जाणाऱ्या माणसांना सहसा लागू होताना दिसत नाही. निविदेच्या कागदात जातीचा उल्लेख नसतो, परिणाम मात्र कोणावर होतो हे सगळ्यांना ठाऊक असते.

गरोदरपणाचेही तसेच. कायम स्त्री कर्मचाऱ्याला बाळंतपणामुळे काढता येत नाही. मुदतीच्या करारावरच्या बाईला काढावेच लागत नाही, फक्त पुढची ऑर्डर द्यायची नाही. २००१ मध्ये स्पेनमधल्या एका नगरपालिकेच्या प्रकरणात युरोपच्या न्यायालयाने सांगितले की गरोदर असल्यामुळे करार पुढे न वाढवणे हा थेट लिंगभेद आहे. त्याच्या आदल्या वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या, स्त्री कामगारांना प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे असा निर्णय दिला होता. कायदा आहे. पण मुदतवाढ न मिळण्याचे कारण कुठे लिहिलेले नसते, म्हणून सिद्ध करताना त्या बाईच्या हातात काहीच नसते. हा न लिहिलेल्या कारणाचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हंगामीचे कायम होण्याच्या दारातच भेदभाव कसा घडतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण भारतीय सैन्यातले आहे. १९९२ पासून स्त्री अधिकाऱ्यांना लघुसेवेवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, घेतले जात होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही स्थायी कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या सेवेसाठी, विचारात घ्या असा आदेश दिला. निवड मंडळ बसले. निकष वरवर पाहता सर्वांना एकच. पण बारकाईने पाहा. पुरुष अधिकाऱ्यांची स्थायी कमिशनसाठी वैद्यकीय तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात झालेली होती. स्त्रियांची तीच कसोटी लागली ती बरीच वर्षे सेवा झाल्यावर, अनेकींच्या चाळिशीनंतर. गोपनीय अहवाल पाहिले गेले तेही जुन्या वर्षांचे, आणि ते अहवाल लिहिले गेले तेव्हा या अधिकारी स्थायी होणारच नाहीत हे लिहिणाऱ्याला माहीत होते, त्यामुळे ते काळजीने लिहिलेले नव्हते. नंतरच्या वर्षांतली कामगिरी आणि सन्मान मोजलेच गेले नाहीत. २५ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले आणि हेतू काय होता यापेक्षा परिणाम काय झाला हे पाहिले.

सैन्य बाजूला ठेवा आणि कुठल्याही कार्यालयात हे चित्र लावून बघा. हंगामी माणसाचा वार्षिक अहवाल कोणी लिहीत नाही, कारण तो वर्षभरच आहे. त्याला प्रशिक्षणाला पाठवत नाहीत, कारण त्याच्यावर खर्च कशाला. दहा वर्षांनी जाहिरात निघते आणि त्याला सांगितले जाते की तुझ्याकडे मूल्यमापन नाही, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे नाहीत, आणि आता वयही उलटून गेले. ज्या संस्थेने त्याची ही वर्षे वापरली तीच संस्था त्या वर्षांचा पुरावा मागते. याला मी भेदभावच म्हणेन, मग जाहिरातीची भाषा कितीही तटस्थ असो. उलट, अनुभवाला गुण दिले, वयात सूट दिली, परीक्षा सर्वांसाठी खुली ठेवली आणि तरीही कोणी निवडला गेला नाही, तर ती निराशा आहे. तिला भेदभाव म्हणणे योग्य नाही. हा फरक कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनीही जपला पाहिजे.

समानतेच्या तत्त्वाला सर्वांत सहज चुकवण्याची वाट एजन्सीतून जाते. इंग्लंडमधल्या एका महाविद्यालयाने १९९६ मध्ये अर्धवेळ व्याख्यात्यांचे करार बंद केले आणि त्यांना एका एजन्सीमार्फत पुन्हा बोलावले. वर्ग तोच, विषय तोच, विद्यार्थी तेच, मानधन कमी. एका व्याख्यातीने महाविद्यालयातल्या पुरुष व्याख्यात्याच्या बरोबरीचा मोबदला मागितला. २००४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तिची तुलना नाकारली, कारण दोघांचा पगार एकाच हातातून येत नव्हता. मध्ये एक कंपनी उभी केली की तुलनेचा माणूसच नाहीसा होतो. युरोपने २००८ मध्ये एजन्सी कामगारांसाठी वेगळा निर्देश काढून ही फट बरीच बुजवली: थेट नेमणूक झाली असती तर जे मिळाले असते त्याहून कमी देता येणार नाही. भारतात ही गोष्ट कागदावर फार जुनी आहे. कंत्राटी कामगार कायद्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांतच होते की कंत्राटी कामगार मुख्य मालकाच्या कामगारासारखेच काम करत असेल तर वेतन, सुट्ट्या आणि कामाचे तासही सारखेच हवेत. नियम असूनही तो इतका कमी वापरला गेला, कारण तुलना करायला कायम माणूसच उरू दिला जात नाही. अख्खा विभाग एजन्सीकडे दिला की मी कोणासारखे काम करतो, हा प्रश्न विचारायला समोर कोणी नसते. यावर उपाय एकच: आधी त्या पदावर कायम माणूस होता तेव्हाचे वेतन ही तुलना धरली पाहिजे.

बऱ्याच देशांनी मुदतीच्या मर्यादेवर भिस्त ठेवली आहे. जपानमध्ये २०१३ पासून पाच वर्षांहून अधिक सलग करार झाले की कामगार बेमुदत करार मागू शकतो. दक्षिण कोरियात २००७ पासून दोन वर्षांची मर्यादा आहे. हेतू चांगला. पण मर्यादेच्या जवळ येताच करार तोडण्याची सवय दोन्ही देशांत लागली. ग्रीसमध्ये तर दोन करारांत वीसपेक्षा अधिक कामाचे दिवस गेले की ते सलग मानायचेच नाहीत असा नियम होता. तो २००६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने अमान्य केला. आपल्याकडे याच युक्तीला ब्रेक म्हणतात, आणि तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्या मधल्या दिवसांत टेबल तेच असते, फायली त्याच असतात, कधी कधी माणूसही बिनपगारी येऊन कामाला हात लावून जातो. वर्षात कामाचे २४० दिवस भरले की आपोआप कायम, असा समज सर्वत्र आहे. औद्योगिक विवाद कायद्यात त्या दिवसांनी मिळत होते ते नोकरकपातीविरुद्धचे संरक्षण: नोटीस आणि भरपाई. तेवढेही मिळू नये म्हणून ब्रेक दिला जातो. मर्यादेची रेघ कुठेही ओढा, तिच्या अलीकडे माणसे कापली जाणार. समान वागणुकीचा हक्क पहिल्या दिवसापासून असेल तर अशी रेघच राहत नाही.

महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात एक चांगले कलम आधीच केले होते. कामगारांना बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता), नैमित्तिक किंवा हंगामी म्हणून नेमून, कायम कामगाराचा दर्जा आणि लाभ नाकारण्याच्या उद्देशाने वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, ही अनुचित कामगार प्रथा आहे. पुढे केंद्राच्या कायद्यातही ते आले आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्यातला ‘उद्देश’ हा भाग कामगाराला जड जातो. मालकाच्या मनात काय होते हे कामगाराने सिद्ध करायचे. स्त्री अधिकाऱ्यांच्या निकालात न्यायालयाने परिणामाकडे पाहिले, तसेच इथेही पाहायला हवे. काम वर्षानुवर्षे चालू आहे आणि माणूस वर्षानुवर्षे हंगामी आहे, एवढे दिसले की खुलासा करण्याची जबाबदारी मालकाकडे गेली पाहिजे.

विरोधी बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा १० एप्रिल २००६ च्या घटनापीठाच्या निकालात आहे. कर्नाटक सरकारच्या त्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितले की सरकारी नोकरी ही सर्व नागरिकांसाठी खुली संधी आहे, आणि स्पर्धेशिवाय आलेल्यांना कायम करणे म्हणजे बाहेर थांबलेल्यांचा हक्क हिरावणे. हा मुद्दा मी मनापासून मान्य करते. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या रागात तथ्य आहे. पण त्याच निकालात मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काम केलेल्यांना एकदाच नियमित करण्याची मुभा होती, आणि ती विसरून फक्त नकाराचा भाग वापरला गेला. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सुनावले. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात साफसफाई आणि देखभालीचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नियमित होण्यासाठी दाद मागितली, न्यायाधिकरणात ते हरले, आणि काही महिन्यांतच त्यांना काढून टाकण्यात आले. तेच काम मग बाहेरच्या एजन्सीला देण्यात आले. काम बाहेर दिले यावरूनच ते काम गरजेचे होते हे सिद्ध होते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांना परत घेऊन नियमित करायला सांगितले. याच निकालात अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टच्या खटल्याचाही दाखला आहे. तिथे बाहेरचे म्हणून घेतलेली माणसे नियमित कर्मचाऱ्यांच्याच गटात, त्याच वरिष्ठांखाली वर्षानुवर्षे काम करत होती, आणि शेवटी २००० मध्ये कंपनीने ९.७ कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला.

बाहेर थांबलेल्या उमेदवाराच्या हक्काचा मुद्दा समान वेतनाला मात्र लागूच होत नाही. हंगामी माणसाला पूर्ण पगार दिल्याने कोणाची संधी जात नाही. उलट ती उघडते. जोवर एका कायम माणसाच्या पैशात दोन-तीन हंगामी माणसे मिळतात, तोवर कुठलेही खाते जाहिरात काढण्याची घाई करणार नाही. बाहेर थांबलेला आणि आत हंगामी असलेला, दोघांचेही नुकसान त्याच बचतीतून होते.

मी तर म्हणेन, हंगामी माणूस महाग पडला पाहिजे. फ्रान्समध्ये मुदतीचा करार संपताना कामगाराला साधारणपणे एकूण पगाराच्या १० टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात नैमित्तिक कामगाराला सर्वसाधारणपणे तासाच्या दरावर २५ टक्के अधिक मिळतात, कारण त्याला पगारी रजा नाहीत, उद्याच्या कामाची खात्री नाही. यामागचा विचार सरळ आहे. लवचीकता मालकाला हवी आहे, तिचा फायदा त्याला आहे, तर तिची किंमतही त्यानेच द्यावी. उद्योगांचे म्हणणे असते की मागणी वरखाली होते, कायम माणसे परवडत नाहीत. मागणी खरोखर वरखाली होत असेल तर थोड्या काळासाठी जास्त दर देणे परवडते. जे परवडत नाही ते वर्षभर, दरवर्षी, जास्त दर देणे. आणि वर्षभर, दरवर्षी लागणारा माणूस हंगामी नसतोच.

कायम कामगारांच्या संघटनांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कंत्राटी कामगारांना सदस्य न करता केलेले वेतन करार आज गोड वाटतात. पण शेजारी अर्ध्या पगारात तेच काम करणारा माणूस उभा असेल तर पुढच्या वाटाघाटीत तुमच्या कायम पदाचेच मोल कमी झालेले असते. निवृत्त झालेल्याच्या जागी कोण येते ते पाहा. एकेक करून जागा एजन्सीकडे जातात आणि संघटनेची सदस्यसंख्या घटत जाते.

तेव्हा मागणी कुठली करावी? माझ्या मते सर्वांत आधी एक छोटी मागणी करावी. फ्रान्सच्या कायद्यात मुदतीच्या करारावर ती मुदत का, याचे नेमके कारण लेखी द्यावे लागते. ते नसेल तर करार बेमुदत मानला जातो. आपल्याकडे प्रत्येक हंगामी आदेशावर आणि प्रत्येक मुदतवाढीवर तीन गोष्टी लिहिण्याची सक्ती करा: हे काम कधी आणि का संपणार आहे, याच कामाचे नियमित वेतन किती आहे, आणि या माणसाला त्याहून कमी द्यायचे असेल तर कशामुळे. मुदतवाढ नाकारली तर त्याचेही कारण लेखी. बाळंतपणामुळे नाकारलेल्या करारावर काय लिहायचे, हे मग अधिकाऱ्याला सुचणार नाही. चौथ्या मुदतवाढीला काम कधी संपणार या रकान्यात काय भरायचे, तेही सुचणार नाही. यासाठी नवी पदे निर्माण करावी लागत नाहीत, घटनापीठाचा निकाल आड येत नाही, आणि पुढच्या वेतन करारात कुठलीही संघटना हे कलम आजच मांडू शकते.